फेरीचा नारळ

चाकणजवळच्या निघोज्यात येऊन नुसतं ‘गॅरेज कुठंय’ असं विचाराल तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. कुठलं गॅरेज, बाबा? इथं गॅरेजं पायलीची पन्नास. कंपनीची भिंत संपली की पत्र्याचं शेड सुरू, आणि शेडात कुणीतरी गाडीखाली घुसलेला. विचारायचंच तर ‘फेरीवाला गोरक्ष’ विचारा. फेरीवाला म्हणजे भाजी विकणारा नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. एकदा एक पाहुणा खरोखर मेथीची जुडी केवढ्याला म्हणून विचारत आला होता, आणि गोरक्षनं त्याला जे सुनावलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

गोरक्षची फेरी वेगळी. हल्लीच्या पोरांना गाडी आहे तशी चालवायची म्हटलं की जिवावर येतं. कंपनीनं एवढे इंजिनिअर बसवून गाडी बनवली, पण यांना तिच्यात खोट दिसते. मग चिंचवडच्या दुकानात जा, मोठ्या तोंडाचा एअर फिल्टर बसव, जाड सायलेन्सर बसव, असले उद्योग. गाडी पळते जास्त, आवाजही बरा येतो, नाही असं नाही. पण इंजिनाचा एक कॉम्प्युटर असतो, त्याला ही बातमी कोण सांगणार? तो बिचारा जुन्याच अंदाजानं पेट्रोल सोडत बसतो. चार माणसांचा स्वयंपाक करायची सवय असलेल्या बाईच्या घरी न सांगता दहा पाहुणे यावेत, तसं होतं. गाडी आचके देते, धूर टाकते, पिवळा दिवा लावून बसते. अशा वेळी त्या कॉम्प्युटरची जुनी सवय पुसायची आणि त्याला नव्यानं शिकवायचं, हे गोरक्षचं काम.

पुसणं सोपं. बॅटरीची मायनसची तार काढायची, अर्धा तास गाडी तशीच सोडायची, तार परत जोडायची. एवढं तर मोबाइलवर बघून कुणीही करतं. गोरक्ष म्हणायचा, “पाटी पुसायला काय अक्कल लागती? पुढं पाटीवर लिहितंय कोण, ते बघा.” तार जोडली की गाडी चालू करायची आणि काहीही न करता उभी ठेवायची. रेसला पाय लावायचा नाही. तेवढ्या वेळात कॉम्प्युटर शिकतो, की उभं राहायचं कसं. इंजिन तापून पंखा फिरला की मग फेरी. गावातून हळू, कुरुळी फाट्यावरून नाशिक रोडला लागून एका चालीत सरळ, चाकणच्या चौकातल्या गर्दीत थांबत थांबत, आणि म्हाळुंग्याकडून परत. पाय असा हलका, की रेस दाबली कधी आणि सोडली कधी ते शेजारच्याला कळू नये. फेरीत बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, फोन घ्यायचा नाही. मालकानं हवं तर मागं गप बसावं, नाहीतर समोर बबनरावांच्या हॉटेलात चहा पीत बसावं. परत येते ती गाडी लोण्यासारखी. मग मालक गोरक्षच्या हातात नारळ देतो.

हा नारळ गोरक्षनं सुरू केलेला नाही. तो त्याच्या बापाचा, गेनूतात्याचा. कंपन्या येण्याआधी निघोज्यात पेरणी सुरू व्हायची ती गेनूतात्याच्या हातानं. पेरायच्या पाभरीच्या चाड्यात बियाण्याची पहिली मूठ त्यानं सोडायची, मग बाकीच्यांनी. त्याच्या हाताला गुण आहे, त्यानं मूठ धरली की रान एकसारखं उगवतं, अशी गावाची श्रद्धा. ज्याच्या रानात मूठ धरली तो नारळ द्यायचा. गोरक्ष तोवर चाकणच्या एका कंपनीत इंजिनं तपासायच्या खात्यात लागला होता. पुढं रानं कंपन्यांत गेली, पाभरी माळ्यावर गेल्या, गेनूतात्याही गेला. गोरक्षनं वीसेक वर्षं कानानं इंजिनं ऐकली, आणि त्या खात्याला कुलूप लागल्यावर रस्त्याकडेच्या उरलेल्या पट्टीवर शेड टाकून बसला. पहिल्याच गाडीची फेरी झाली तेव्हा बबनराव हॉटेलातून ओरडले, “अरं, ह्यो तर गेनूतात्याचा हात! नारळ द्या की त्याला!” तेव्हापासून ही रीत पडली. घरात रोज खोबऱ्याची चटणी. गोरक्षची म्हातारी आई, कुशाबाई, बोळक्या तोंडानं कुरकुरायची, “पुरं कर रं बाबा त्या फेऱ्या. न्हाईतर मला दात तरी आण.”

आता मुद्द्याचं. गोरक्षला शुगर होती. होती तर होती, गावात कुणाला नाही? गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, आणि पंगतीत जिलेबी आली की गोळ्यांचं नाव काढायचं नाही, असा एकंदर कारभार. गेल्या दिवाळीपासून त्याच्या उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही थांबल्या, आणि त्या थांबल्या म्हणून हा गडी खूश. पण जाताना त्या पायाचं भान घेऊन गेल्या होत्या. जमीन पायाखाली असून नसल्यासारखी, गादीवर चालावं तशी. एकदा हॉटेलातून चहा घेऊन परत आला तर एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी. मागून त्याची बायको, अनिता, ती चप्पल बोटाला अडकवून आली.

“ही कुणाची हो?”

गोरक्षनं खाली बघितलं. “आयला,” तो म्हणाला, “मारुतीच्या देवळापाशी राहिली वाटतं.”

“मारुतीनंच परत पाठवली. एका चपलेचं मी काय करू म्हणाला.”

दोघं हसले. पण हसता हसता अनिता त्याच्या पायाकडे बघत राहिली. ते त्यानं पाहिलं आणि त्याला ते आवडलं नाही.

अनिता शाळेची व्हॅन चालवायची. निघोज्यातली, म्हाळुंग्यातली बालवाडीची पोरं सकाळी चाकणच्या शाळेत न्यायची आणि दुपारी ज्याच्या त्याच्या दारात आणून सोडायची. त्या चपलेपासून ती रोज म्हणत होती, दवाखान्यात चला. आणि तो रोज म्हणत होता, जाऊ की, घाई काय. घाई का नव्हती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. डॉक्टर काय म्हणणार ते त्यानं मनातल्या मनात आधीच ऐकून ठेवलं होतं. गाडी बंद. गाडी बंद म्हणजे फेरी बंद, आणि फेरी बंद म्हणजे पायलीच्या पन्नासातलं एक गॅरेज. पोटाचं भागलं असतं, त्याची चिंता नव्हती. पण रस्त्यानं जाता जाता लोक “काय फेरीवाले!” म्हणून हात वर करायचे, गेनूतात्याचा गुण उतरलाय म्हणायचे. ते सगळं जाईल आणि आपण नुसते पाना फिरवणारे एक होऊन बसू, याची त्याला मनापासून भीती वाटत होती.

आणि आणखी एक भीती होती, ती त्यानं स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. एका फेरीत कुरुळी फाट्यावर एक बाई दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडत होती. गोरक्षनं ब्रेक दाबला. म्हणजे त्याला वाटलं, दाबला. गाडी थांबेना तेव्हा खाली बघितलं, तर पाय ब्रेकच्या कडेला नुसता खाली टेकलेला. हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. बाईला कळलंसुद्धा नाही, ती आपली किटली सावरत निघून गेली. गोरक्ष मात्र गाडी कडेला घेऊन किती तरी वेळ बसून राहिला. घरी येऊन कुणाला चकार शब्द बोलला नाही. उलट दुसऱ्या दिवशी मुद्दाम आणखी एक फेरी केली, बघा काही झालं का, असं स्वतःलाच दाखवायला. माणसाच्या हट्टापुढं काय बोलायचं!

अशातच रविराजची लाल गाडी आली. रविराज आकुर्डीचा, तळवड्याला आयटी कंपनीत कामाला, बोलायला मऊ. त्यानं हौसेनं फिल्टर आणि सायलेन्सर बदलून घेतला होता. गाडी खरं तर त्याची बायको मोनिका चालवायची, पोरीला पाळणाघरात सोडून पुढं कामावर जायला. नवऱ्याची हौस आणि बायकोची गाडी, म्हणजे घरात काय हवा असेल ते समजून घ्या.

गोरक्षनं तार काढली, जोडली, आणि नेहमीसारखा ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. ही त्याची खास रीत. गाडी उभी राहायला शिकते तेव्हा सीट रिकामी ठेवली तरी काही बिघडत नाही. पण गोरक्षला ते पटायचं नाही. मालक आत डोकावेल, त्याचा चुकून रेसला हात लागेल, पाय लागेल. आणि दुसरं असं, की पेरणी चालू असताना मूठ धरणारा बांधावर जाऊन बसतो का कधी? म्हणून तो स्वतः राखणीला बसायचा, डोळे मिटून, कान इंजिनाकडे लावून. त्या दिवशी इंजिनाचा वेग दाखवणारा काटा जरा वरच राहिला. “फिल्टर मोठा हाय, हवा जास्त घेतो,” तो रविराजला म्हणाला. अनुभवी माणसाजवळ प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं, हीच पंचाईत. फेरी झाली, नारळ झाला, रविराज गेला.

आठवडा झाला नाही तोच परत आला.

“काका, गाडी पळते छान. पण उभी राहत नाही.”

“उभी ऱ्हात न्हाई म्हंजे?”

“सिग्नलला थांबलं की आपली आपण रेस घेते. वर जाते, खाली येते, परत वर. गर्दीत पहिल्या गिअरला क्लच सोडला की पुढं ढकलते. मोनिकाची गाडी रिक्षावर आदळता आदळता राहिली. पोरगी मागं बसलेली होती. आता मोनिका गाडीला हात लावायला तयार नाही.”

गोरक्षचं डोकं सणकलं. “फिल्टर कुठनं घेतला? दुकानदारानं टोपी घातली तुमाला! असला माल बसवता अन् मग आमच्या दारात येता.” असं बरंच काही. रविराज मान खाली घालून ऐकत राहिला. गोरक्षनं फिल्टर काढून पुसला, परत बसवला, पाइप आवळून बघितले. परत तार काढली, परत राखणीला बसला, परत फेरी केली. नारळ पुढं आला तेव्हा मात्र “ऱ्हाऊ द्या, मागचा हाय” म्हणाला.

आणि गाडी तिसऱ्यांदा दारात आली.

“काका, तुमच्यावर राग नाही,” रविराज म्हणाला. “पण या वेळी नाही जमलं, तर जुना फिल्टर परत बसवतो आणि गाडी शोरूमला देऊन टाकतो. मोनिकानं तसं सांगितलंय.”

बबनरावांच्या हॉटेलात तेव्हा तिघं-चौघं बसले होते. चाललेल्या गप्पा थांबल्या, आणि ते थांबणं गोरक्षला फार लागलं. या लाल गाडीआधी त्याच्या हातची गाडी कधी परत आली नव्हती. तो कामाला लागला. रविराज हॉटेलात जाऊन बसला.

दुपारची वेळ. अनिता शेवटचं पोर उतरवून आली. तिनं व्हॅन सावलीला लावली, चावी कमरेला खोचली आणि शेडात डोकावली. लाल गाडी घुरघुरत उभी होती. गोरक्ष आत डोळे मिटून बसलेला, पूजेला बसावं तसा. त्याच्या बाजूचं दार उघडं होतं. अनितानं आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग खाली.

“अहो,” ती हळू आवाजात म्हणाली, “पाय काढा.”

“अं?”

“उजवा पाय. रेसवर हाय.”

“काहीतरीच काय!” डोळे उघडून तो हसला. “पाय बाजूला हाय माझा. मला कळत न्हाई व्हय?”

“खाली बघा.”

त्यानं खाली बघितलं. पाय रेसवर टेकलेला होता. जोरानं नाही, नुसता पडून राहिलेला. चप्पल केव्हाच गळून पडली होती. त्यानं दोन्ही हातांनी गुडघा धरला, पाय उचलला आणि बाजूला ठेवला. इंजिनाचा आवाज लगेच खाली आला, थोडा डळमळला आणि हळूहळू एका सुरात बसला.

एवढी वर्षं कानानं इंजिनं ऐकलेला माणूस तो, त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. तिन्ही वेळा हेच झालं होतं. पाय रेसवर असला की कॉम्प्युटरला वाटतं गाडी चाललीय. मग उभं राहायचं कसं, हे तो शिकतच नाही. फिल्टर चांगला होता, दुकानदार चांगला होता. कुंपणच शेत खात होतं.

गोरक्षनं मान वर करून अनिताकडे बघितलं. मग म्हणाला, “तुला कधीपासनं ठावं हाय?”

“चपलेपासनं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“रोज बोलतीय की! तुमच्या कानाला इंजिनाबिगर काय ऐकू येत न्हाई, त्याला मी काय करू?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याची त्याला लाज वाटली. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यानं कुरुळी फाट्यावरच्या बाईचं सगळं सांगून टाकलं. किटली, ब्रेक, हँडब्रेक, सगळं. अनिता ऐकता ऐकता दाराला धरून उभी राहिली.

“त्याच रस्त्यानं माझी व्हॅन येती,” ती म्हणाली. “पोरांनी भरलेली असती. एवढं कळून तुमी गप बसलात?”

एरवी तिचा आवाज चढला असता. आज चढला नाही, म्हणून त्याला जास्त लागलं.

आता खरं सांगायचं तर सुटायची वाट मोकळी होती. पाय बाजूला होता, गाडी उभी राहायला शिकत होती. पंखा फिरला की नेहमीची फेरी मारायची, नारळ घ्यायचा, विषय संपला. अनितानं जगात कुणाला सांगितलं नसतं. हे गोरक्षच्या मनात येऊन गेलं. येणारच, तोही माणूसच. समोर हॉटेलातून सगळे इकडेच बघत होते. तो त्यांच्याकडे बघत बसला, आणि मग पंखा फिरला.

गोरक्ष खाली उतरला, एका चपलेवर, दुसरी न शोधता.

“बस,” तो अनिताला म्हणाला.

“मी?”

“मग कोण, मारुती?”

“अहो, मी पोरांची व्हॅन चालवणारी बाई. माझ्या हाताला कसला आलाय गुण? त्यांची गाडी बिघडली तर तुमचं नाव जाईल.”

“तुझ्या व्हॅनमधली पोरं दुपारची झोपून येत्यात,” गोरक्ष म्हणाला. “वाटंत किती स्पीडब्रेकर हायेत, किती खड्डे हायेत. एक पोर उठत न्हाई. आयांना खांद्यावर टाकून न्यावं लागतं. मी रोज बघतो शेडातनं.”

तो रोज बघतो, हे अनिताला ठाऊकच नव्हतं. एवढी वर्षं व्हॅन चालवतेय, पण तिच्या गाडी चालवण्यावर नवऱ्यानं काढलेला एकच उद्गार तिला आठवत होता, तो म्हणजे ‘हवा चेक केली का’. तिनं ओढणी खांद्यावर नीट बांधली आणि सीटवर बसली.

गाडी शेडातून निघाली तेव्हा हॉटेलातले लोक उठून उभे राहिले. रविराजची बशी हातातच राहिली. काकू स्टिअरिंगवर आणि काका डाव्या बाजूला, याचा अर्थ त्याला लागेना.

गावातून जाताना गोरक्षला गप्प बसवेना. “दुसरा टाक आता... सोड, सोड... अगं पुढं खड्डा...”

“फेरीत बोलायचं नसतं,” अनिता रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

त्यानं तोंड मिटलं. आणि तोंड मिटल्यावर त्याला ऐकू यायला लागलं. अनिताचा पाय रेसवर उतरायचा तो कळत नव्हता, उचलायचा तोही कळत नव्हता. नुसता इंजिनाचा आवाज भरत जायचा आणि ओसरत जायचा. कुरुळी फाट्यावर कुणी आडवं यायच्या आधीच तिनं गाडी हळू केली. आडवं कुणी आलंच नाही, पण ती हळू झालीच. चाकणच्या चौकात टेम्पो, कंपनीच्या बसगाड्या, मधून घुसणारे मोटरसायकलवाले, सगळा नेहमीचा गोंधळ. त्यात लाल गाडी थांबली आणि काटा आपल्या जागी उभा राहिला, इकडे नाही की तिकडे नाही. गोरक्षला आधी फार बरं वाटलं. मग वाईट वाटलं. म्हाळुंगं येईपर्यंत दोन्ही एकदम वाटायला लागलं आणि त्याचा त्याला मेळ लागेना, म्हणून तो खिडकीतून बाहेर बघत बसला.

परत आल्यावर रविराजनं गाडी स्वतः चालवून बघितली. रस्त्याच्या त्या टोकापर्यंत गेला, फिरून आला, थांबला, परत थांबला. “उभी राहते, काका!” तो खिडकीतून ओरडला. उतरला तो सरळ हॉटेलात गेला, बबनरावांच्या फळीवरचा नारळ घेऊन आला आणि रीतीप्रमाणे गोरक्षपुढं धरला.

गोरक्षनं नारळ घेतला, पण खाली ठेवला नाही.

“जरा ऐका सगळे,” तो म्हणाला. “गाडीत खोट नव्हती. फिल्टरमधी बी नव्हती. माझ्या पायाला कळत न्हाई आता. रेसवर पडून ऱ्हायला तरी मला पत्ता लागत न्हाई. त्या दुकानदाराला मी नाही नाही ते बोललो, त्याला सांगा, गोरक्षचं चुकलं म्हणावं. आजपासनं मी गाडी चालवणार न्हाई. ही फेरी हिनं केली.”

रविराज त्याच्या पायाकडे बघायला लागला आणि बघू नये असं वाटून लगेच दुसरीकडे बघायला लागला. तेवढ्यात बबनराव ओला हात फडक्याला पुसत पुढं आले.

“त्यात काय एवढं, गोरख्या? गेनूतात्याचं बी असंच झालतं की.”

“काय झालतं?”

“डोळं गेलं व्हतं त्याचं शेवटाला. मूठ चाड्यात पडायची ती निम्मी भुईवर पडायची. मग पुढल्या सगळ्या पेरण्यांची मूठ तुझ्या आईनं धरली. गेनूतात्या नुसता शेजारी उभा ऱ्हायचा अन् नारळ घ्यायचा. समद्या गावाला ठावं व्हतं.”

“मला कसं कुणी सांगितलं न्हाई?”

“तू दिवसभर कंपनीत. अन् रान एकसारखं उगवत व्हतं, मग सांगायचं काय त्यात?”

गोरक्ष हातातल्या नारळाकडे बघत राहिला. बापाचा हात, बापाचा गुण, म्हणून ज्या गोष्टीवर तो इतकी वर्षं उभा होता, ती शेवटाला कुणाची होती ते त्याला आज कळत होतं. त्यानं नारळ रविराजच्या हातात परत दिला.

“तिला द्या,” तो म्हणाला. “हात तिचा हाय.”

रविराजनं नारळ अनितापुढं धरला. ती लाजली. आजवर तिच्या हातात नारळ आला होता तो किसायलाच. तिनं ओढणीच्या पदरात घेतला आणि म्हणाली, “म्हंजे आता नारळ बी माझा अन् चटणी बी मीच करायची!” मग सगळे हसले, अगदी गोरक्षसुद्धा.

पुढं दवाखाना झाला. डॉक्टर जे बोलायचं ते बोलला, वर दोन गोष्टी जास्तच बोलला. गोरक्षच्या चपलेला आता मागून पट्टा आहे आणि पंगतीत त्याच्या शेजारी अनिता बसते. फोन आला आणि कुणी विचारलं, फेरी कधी मिळेल, तर तो सांगतो, “शाळा सुटल्यावर या.” गाडी उभी राहायला शिकते तेव्हा सीट रिकामी असते आणि तो बाहेर स्टुलावर बसून ऐकतो. कान शाबूत आहेत. फेरीत डावीकडे बसतो आणि अजूनही अधूनमधून बोलतो, मग दटावून घेतो. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी रविराज गेल्यावर गोरक्षनं बबनरावांकडून आणखी एक नारळ घेतला आणि घरी गेला. कुशाबाई दारात खाटेवर बसून लसूण सोलत होती. त्यानं नारळ तिच्या मांडीवर ठेवला.

“आणिक एक?” ती करवादली. “मला दात हायेत का रं, मेल्या?”

“ह्यो फेरीचा न्हाई, आई. मुठीचा हाय. तुझा ऱ्हायला व्हता.”

कुशाबाईचे हात थांबले. तिनं लसणाची साल झटकली, नारळ उचलला आणि कानापाशी नेऊन हलवला, पाणी आहे का बघायला. पाणी वाजलं तरी ती हलवतच राहिली.

“बबन्यानं सांगितलं व्हय?”

“व्हय.”

“त्याच्या तोंडात तीळ भिजंल तर शपथ.” मग जरा थांबून म्हणाली, “तुझ्या बापाला मी म्हणायची, एकदा तरी लोकांना माझ्या हातात नारळ देऊ दे. तो म्हणायचा, पुढल्या साली. दर साली म्हणायचा, पुढल्या साली.”

गोरक्ष तिच्या शेजारी बसला. नारळ फोडायला घ्यावा म्हणून त्यानं हात पुढं केला, तर तिनं तो पदराखाली ओढून घेतला.

“आज नगं फोडू,” ती म्हणाली. “आजच्या दिवस माझ्यापाशी ऱ्हाऊ दे.”